ढगांच्या मागे लागू नकोस

आधी एक गोष्ट स्पष्ट बोलते, रागावू नकोस. तू सिगरेट ओढत नसतीस, तर व्हेपबद्दल मी एक अक्षर बोलले नसते. त्यातही निकोटीन असतं, त्याची सवय लागते, आणि ज्याला कसलीच तलफ नाही त्याने ती विकत घेण्यात काय अर्थ? पण पुण्यात टपरीवर सुरू झालेली तुझी सिगरेट तुझ्यासोबत मँचेस्टरला आली. आता ती सोडायची म्हणतेस, म्हणून हा प्रपंच.

सिगरेटमध्ये तंबाखू जळतो. टार, कार्बन मोनॉक्साइड हे सगळं त्या जळण्यातून येतं, आणि माणसं मरतात ती मुख्यतः त्या धुराने. व्हेपमध्ये काही जळत नाही, लिक्विड तापतं आणि त्याची वाफ होते. ते निर्धोक नाही, पण सिगरेटपेक्षा नक्कीच बरं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या इथल्या एका चाचणीत व्हेप घेतलेल्यांपैकी १८ टक्के लोक वर्षभरानंतरही सिगरेटपासून लांब होते. पॅच आणि गमवाल्यांत तो आकडा जेमतेम १० टक्के होता. मात्र दोन्ही गटांना समुपदेशकाची सोबत होती. म्हणून दुकानात जाण्याआधी एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, सिगरेट सोडवणाऱ्या सेवेला फोन कर. ती मोफत असते, काही ठिकाणी व्हेपचा पहिला संचही तेच देतात.

दुकानात गेलीस की तुझ्यापुढे मोठाले, बटणं आणि स्क्रीनवाले मॉड मांडतील. त्यांच्याकडे बघूही नकोस. ते खोलीभर ढग सोडणाऱ्यांसाठी असतात, त्यात वाफ थेट छातीत ओढायची असते. तू सिगरेट कशी ओढतेस आठव: झुरका आधी तोंडात, मग आत. तसाच झुरका देणारं साधं, छोटं, पुन्हा भरता येणारं पॉड घे. लिक्विड तापवणारी कॉइल एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून जास्त हवी, हवा थोडी अडूनच आली पाहिजे. बटण नसलेलं, ओढलं की चालू होणारं मिळालं तर उत्तमच. एकदा वापरून फेकायचे व्हेप इथे १ जून २०२५ पासून विकायला बंदी आहे. कोणी काउंटरखालून काढून दिला, तर दुकानच बदल.

आता निकोटीन. बहुतेक जण इथेच फसतात. "कमीच बरं" म्हणून ३ मिलिग्रॅमचं लिक्विड घेतात, तलफ भागत नाही, आणि चौथ्या दिवशी पुन्हा पाकीट हातात. दिवसाला किती ओढतेस यापेक्षा सकाळी उठल्यावर पहिली किती वेळात लागते, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तुला तर चहाच्याही आधी लागते. म्हणून माझ्या मते तू निकोटीन सॉल्टचं, एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅमचं लिक्विड घ्यावंस. इथल्या कायद्यात याच्या वर जाता येत नाही. सॉल्टने घसा कमी खवखवतो. पॉडसाठी पीजी (प्रॉपिलीन ग्लायकॉल) आणि व्हीजी (व्हेजिटेबल ग्लिसरीन) निम्मं निम्मं असलेलं बघ, फार घट्ट लिक्विड छोट्या कॉइलमध्ये नीट मुरत नाही. आणि हे २० चं लिक्विड चुकूनही कुणाच्या ढगवाल्या मॉडमध्ये घालू नकोस, गरगरेल, मळमळेल.

चव तुझी तू ठरव. मला विचारशील तर तंबाखूच्या चवीचं नको. पुदिना घे, एखादं फळ घे. जिभेला सिगरेटची आठवण कशाला करून द्यायची?

नवीन कॉइल घातलीस की पॉड भरून दहाएक मिनिटं तसंच ठेव. कॉइलमधला कापूस भिजला नाही तर पहिल्याच झुरक्याला जळकी चव येते आणि कॉइल वाया जाते. ओढताना सावकाश ओढ. सिगरेटसारखे जोरात, पाठोपाठ झुरके घेतलेस तर खोकत बसशील. पहिले काही दिवस थोडा खोकला येतोच, त्याने घाबरून परत सिगरेटकडे जाऊ नकोस. छातीत दुखलं किंवा धाप लागली, तर मात्र डॉक्टरकडे जा, मला विचारत बसू नकोस. चार्जिंग जागेपणी कर, उशाशी ठेवून झोपू नकोस. आणि लिक्विडची बाटली उघड्यावर ठेवू नकोस. घरमालकिणीचं पोर रांगतंय, ते निकोटीन त्याच्या पोटात गेलं तर विषच आहे.

पार्टीत कुणी पुढे केलेला व्हेप तोंडाला लावायचा नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत हजारो लोक व्हेपमुळे फुप्फुसांना इजा होऊन इस्पितळात गेले, कित्येक दगावले. बहुतेकांनी चोरट्या बाजारातलं गांजाचं लिक्विड ओढलं होतं, त्यात व्हिटॅमिन ई ॲसिटेट मिसळलेलं होतं.

व्हेपही आणि "दिवसाची फक्त एक" सिगरेटही, असं करू नकोस. ती एक फार चिवट असते. पूर्ण सोड. निकोटीन कमी करायची घाई मात्र नको. सिगरेटची आठवण येईनाशी झाली की २० वरून १० वर ये, मग आणखी खाली, आणि शेवटी व्हेपही ठेवून दे. तोही जन्मभर जवळ बाळगायचा नाहीये.

आणि हो, दिवाळीला घरी जाशील तेव्हा व्हेप इथेच ठेवून जायचं. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगरेट बनवणं, विकणं, बाहेरून आणणं, सगळ्यालाच बंदी आहे. "माझ्यापुरतं एक" म्हणून बॅगेत टाकू नकोस. सिंगापूरमार्गे तिकीट काढलंस तर तिथेही बंदी आहे. त्या दिवसांसाठी पॅच आणि गम इथूनच घेऊन जा. तिकीट काढलंस की मला कळव, किती लागतील ते समुपदेशकाला आधीच विचारून ठेवू. आईला काय सांगायचं, ते मी बघते.