माना छावणी आणि ‘कायमची जबाबदारी’

रायपूर शहराजवळ, आज जेथे विमानतळ आहे त्या परिसरात, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील एक धावपट्टी होती. जानेवारी १९६४ मध्ये पूर्व पाकिस्तानात खुलना व अन्य भागांत दंगली उसळल्या आणि तेथून निघालेल्या हिंदू कुटुंबांपैकी फार मोठी संख्या माना येथील संक्रमण छावणीत आणण्यात आली. ‘संक्रमण’ हा शब्द लक्षात ठेवण्याजोगा आहे. येथून ही कुटुंबे १९५८ मध्ये सुरू झालेल्या दंडकारण्य प्रकल्पाच्या बस्तर व कोरापुट भागांतील वसाहतींत, तसेच महाराष्ट्राच्या चंद्रपूर जिल्ह्यात जावयाची होती. प्रत्यक्षात अनेकांची वर्षे छावणीतच गेली.

त्यांत नामशूद्र शेतकरी व मच्छीमार पुष्कळ होते. नद्यांच्या गाळावर वाढलेली ही माणसे मुरमाड माळावर येऊन पडली. अशा हलक्या जमिनीस छत्तीसगढी शेतकरी ‘भाठा’ म्हणतो. छावणीच्या एका भागाचे नावच माना भाठा होते. मे महिन्याच्या उन्हात तंबूत राहण्याचा जाच प्रथम होतो तो तान्ह्या मुलांना आणि वृद्धांना.

परंतु येथे विशेष विचार करावयाचा तो वर्गवारीचा. पुनर्वसनाची सारी योजना कमावत्या पुरुषाभोवती रचलेली होती. जमीन आणि कर्ज कुटुंबास मिळे, व कुटुंब म्हणजे श्रम करू शकणारा प्रौढ पुरुष आणि त्याचे आश्रित. असा पुरुष नसलेल्या विधवा, निराधार वृद्ध व अपंग यांची सरकारी दप्तरात ‘परमनंट लायबिलिटी’ अशी नोंद होई. या शब्दाचा एक अर्थ जबाबदारी आणि दुसरा बोजा. व्यवहारात कोणता अर्थ वरचढ ठरला हे सांगावयास नको. अशा स्त्रीला निवारा व निर्वाहभत्ता मिळे, जमीन मात्र नाही. म्हणजेच छावणीबाहेर पडण्याचे साधन नाही. मुलगा वयात आला की कुटुंब ‘पुनर्वसनक्षम’ ठरे. पदरी मुलीच असल्या तर ती वाटही फारशी उरत नसे.

कल्याणजवळच्या लष्करी छावणीत राहिलेल्या सिंधी निर्वासितांशी तुलना करून पाहावी. उल्हासनगरातील स्त्रीने घरी लाटलेल्या पापडाला मुंबईची बाजारपेठ लोकलच्या अंतरावर होती. मानातील स्त्रीपुढे परका मुलूख होता आणि परकी भाषा.

धडधाकट कुटुंबांचेही सारे सुरळीत होते असे नाही. नेमून दिलेल्या ठिकाणी जाण्यास नकार देणाऱ्यांचा भत्ता बंद करण्यात येई. दंडकारण्य विकास प्राधिकरणाचे अध्यक्ष राहिलेले शैवालकुमार गुप्त यांनी १९६५ च्या आपल्या लेखांत वाटलेल्या जमिनीच्या निकसतेवर बोट ठेवले होते. १९७८ मध्ये हजारो कुटुंबे दंडकारण्य सोडून सुंदरबनाकडे निघाली. त्यांपैकी मरीचझांपी बेटावर वसलेल्यांना १९७९ मध्ये बळाने हुसकावण्यात आले.

माना कॅम्प आता रायपूर जिल्ह्यातील एक नगर पंचायत आहे. ज्यांना पुढे जाता आले नाही, त्यांच्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे तेथेच स्थायिक झाली.