जीएफएपी प्रतिपिंड आणि मेध्य द्रव्यांवरील प्रयोग

ब्राह्मी, शंखपुष्पी आदी मेध्य द्रव्यांवरील प्रबंधांत ‘जीएफएपी कमी झाले’ असा निष्कर्ष आढळतो. मेंदूच्या छेदातील तपकिरी रंग फिका पडला, एवढ्यावरून द्रव्यास मस्तिष्करक्षक ठरविणे मात्र घाईचे होय.

जीएफएपी हे चेतापेशींना आधार देणाऱ्या तारकापेशींतील, म्हणजे ॲस्ट्रोसाइट्समधील, तंतुमय प्रथिन. लॉरेन्स एंग व सहकाऱ्यांनी ते मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांच्या मेंदूतील जुन्या व्रणांतून मिळविले व १९७१ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. इजा झाली की तारकापेशी ते अधिक प्रमाणात निर्माण करतात. ही त्या पेशींची शिरगणती नव्हे. निरोगी मस्तिष्क-बाह्यकातील अनेक तारकापेशी या प्रतिपिंडाने जेमतेमच रंगतात.

प्रतिपिंड प्रथिनाच्या ठराविक अंशालाच चिकटतो. फॉर्मॅलिनमुळे तो अंश झाकला गेल्यास प्रथिन असूनही रंग उमटत नाही. म्हणून दोन्ही गटांचे छेद एकाच वेळी, एकाच पद्धतीने रंगविले होते काय, हे प्रथम पाहावे. प्राथमिक प्रतिपिंड न लावलेला छेद कोरा राहिला काय? वेस्टर्न ब्लॉटमध्ये सुमारे ५० किलोडाल्टनपाशी पट्टा दिसला काय? मोजणाऱ्यास गट ठाऊक नव्हते ना? (हा प्रश्न मौखिक परीक्षेत फारसा कोणी विचारत नाही.)

शिवाय तारकापेशी नष्ट झाल्या तरीही रंग घटतोच. द्रव्याने रक्षण केले की हानी, हे ठरविण्यासाठी शेजारच्या छेदात न्यूएन प्रतिपिंडाने चेतापेशीही मोजलेल्या असाव्यात.