सहा बाय सहा, तरीही

मी आयुष्यभर मुद्रितशोधन केलं. त्यामुळे गेल्या श्रावणात एका शब्दावर नको तिथे अनुस्वार दिसला, तेव्हा सवयीने लाल पेन उचललं. पुढच्या ओळीत पुन्हा एक. मान वर केली तर तो अनुस्वार भिंतीवर! नजर डावीकडे नेली की तोही डावीकडे, आणि नजर थांबली तरी तो आपला तरंगत थोडा पुढे जायचा. संध्याकाळपर्यंत त्याला बरीच भावंडं झाली. रात्री दिवा घालवून कूस बदलली आणि उजव्या डोळ्याच्या बाहेरच्या कडेला लखकन प्रकाशाची कमान उमटली. दुखत मात्र काहीच नव्हतं.

"अहो, पित्त असेल. जागरणं थोडी का करता?" घरातलं निदान. सकाळी चष्म्याच्या दुकानात गेलो. यंत्राने नंबर तोच दाखवला, तक्त्यावरची शेवटची ओळ मी घडाघडा वाचली. "काका, सहा बाय सहा! ठणठणीत," असं म्हणून त्या मुलाने हातात कार्ड दिलं. घरी सगळे निर्धास्त. फोनवर ऐकून अक्का तेवढी भडकली. "सहा बाय सहा मलाही होतं रे, पडदा मधोमध सरकेपर्यंत! आजच्या आज डोळ्यात थेंब घालून तपासून घे."

अक्काचं बोलणं मी टाळत नाही, आणि या बाबतीत तिचा अधिकार मोठा. काही वर्षांपूर्वी तिला असेच ठिपके दिसले, मग डोळ्यात खालच्या बाजूने सावली चढू लागली. मोतीबिंदू असेल, दिवाळी झाली की दाखवू, असं घरात ठरलं. मोतीबिंदू दिवाळीपर्यंत थांबतो. पडदा थांबत नाही.

मी त्याच दिवशी गेलो. डॉक्टरांनी जे समजावलं ते असं. डोळ्याच्या पोकळीत पारदर्शक, लिबलिबीत गर असतो, त्याला व्हिट्रिअस म्हणतात. वयाबरोबर तो पातळ होतो, आकसतो आणि पन्नाशी-साठीनंतर कधीतरी मागच्या दृष्टिपटलापासून, म्हणजे पडद्यापासून, सुटतो. मोठा उणे नंबर असलेल्यांचा, मोतीबिंदू काढलेल्यांचा किंवा डोळ्याला मार बसलेल्यांचा लवकर सुटू शकतो. गरातल्या तंतूंची सावली पडद्यावर पडते, तेच आपले ठिपके, कोळिष्टकं, माशा. सुटताना गर कुठे घट्ट चिकटलेला असला की पडदा ओढला जातो. पडद्याला वेदना कळत नाहीत. त्याला ओढ बसली की मेंदूला उजेड दिसतो, एवढंच. दुखेल तेव्हा जाऊ असं म्हणणारा माणूस इथे फसतो तो यामुळेच.

बहुतेकांचा गर गुमान सुटतो आणि प्रकरण मिटतं. पण अचानक ही लक्षणं सुरू झालेल्या साधारण सात-आठ जणांमागे एकाच्या पडद्याला छिद्र पडलेलं सापडतं. मग पावसाळ्यात भिंतीत पाणी मुरून गिलाव्याचा पोपडा सुटावा तसं त्या छिद्रातून पाणी मागे शिरतं आणि पडदा सुटत जातो. छिद्र बहुधा कडेला पडतं आणि तक्त्यावरची अक्षरं आपण पडद्याच्या मध्याने वाचतो. म्हणून कड फाटलेली असतानाही सहा बाय सहा येऊ शकतं. कडेपर्यंत पाहायचं तर थेंब घालून बाहुली मोठी करावी लागते. डॉक्टर कपाळावर दिवा बांधून, 'वर बघा, खाली बघा' करत पाहतात. कधी पापणीवरून डोळा थोडा दाबतातही. थेंबाशिवाय दिलेलं 'सगळं ठीक' मी या तक्रारीपुरतं तरी मोजत नाही, मग ते दुकानातलं असो की शिबिरातलं.

माझ्या उजव्या डोळ्यात वरच्या कडेला नालाच्या आकाराची फाट निघाली. तिच्याभोवती त्याच दुपारी लेझरचं कुंपण घातलं. बधिर करायचा थेंब, डोळ्यावर भिंग, हिरवे लखलखाट, मधूनच एखादी चिमटी. व्रण घट्ट व्हायला दहा-चौदा दिवस लागतात. (या उपचाराचं मूळ गमतीचं आहे. 1945 च्या सूर्यग्रहणाकडे उघड्या डोळ्यांनी पाहून एका वैद्यकीय विद्यार्थ्याचा पडदा भाजला. तो पाहून जर्मनीतल्या मायर-श्विकेराथ या डॉक्टरांना सुचलं की हेच भाजणं हवं तिथे केलं तर छिद्राची कड जखडता येईल. लेझर पुढे आला.)

अक्काला लेझरने भागलं नाही. गर काढून डोळ्यात वायूचा बुडबुडा भरला. तो छिद्रावर टेकून राहावा म्हणून ती कित्येक दिवस सांगितलेल्या बाजूलाच मान ठेवून झोपली. वायू असेपर्यंत विमान बंद, कारण उंचीवर तो फुगतो आणि डोळ्यातला दाब वाढतो. पडदा बसला, नजर बरीच आली, पण त्या डोळ्याने तिला दाराची चौकट अजून वाकडी दिसते. पडद्याचा मध्य सुटण्याआधी शस्त्रक्रिया झाली असती तर हे टळण्याची शक्यता मोठी होती.

तेव्हा, आकाशाकडे बघताना वर्षानुवर्षं दिसणारा एखादा धागा असेल तर तो पुढच्या तपासणीत सांगितला तरी चालेल. ठिपके अचानक सुरू झाले, एकदम वाढले किंवा त्यांच्यासोबत चमक आली, तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठा. नजरेवर पडद्यासारखी सावली सरकताना दिसली तर रात्र पडली म्हणून थांबू नका. आळीपाळीने एकेक डोळा झाकून पाहा. नागमोडी झगमगाट दोन्ही डोळ्यांनी दिसत असेल आणि वीस-तीस मिनिटांत ओसरत असेल तर बहुधा अर्धशिशी. मधुमेह्यांच्या डोळ्यात तांबूस-काळे धागे उतरले तर ते रक्त असू शकतं. लेझरने उणे नंबरचा चष्मा घालवलेल्या तरुणांनीही गाफील राहू नये, कारण नंबर जातो पण डोळ्याची वाढलेली लांबी तशीच राहते.

फोनवर 'डोळे तपासायचेत' म्हणालात तर पुढच्या आठवड्यातली वेळ मिळेल. 'कालपासून अचानक ठिपके आणि चमक दिसतेय, पडदा तपासायचाय' असंच सांगा. सोबत कुणाला तरी न्या. थेंबांनी काही तास धूसर दिसतं, गाडी चालवता येत नाही. पहिल्या तपासणीत काही निघालं नाही तरी सांगितलेल्या तारखेला पुन्हा जा, पुढच्या काही आठवड्यांत नवी फाट पडू शकते.

ठिपके मात्र या लेझरने जात नाहीत. माझेही आहेत, फक्त मेंदू आता त्यांच्याकडे दुर्लक्ष करतो. ते विरघळवणारे थेंब म्हणून कुणी बाटली पुढे केली तर पैसे रिक्षासाठी ठेवा.