फरक पडला, पण कशामुळे?

आई-बाबांनो,

मूल ऑटिस्टिक आहे हे कळलं की घरात सगळंच एकदम सुरू होतं. स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, एबीए. कुणी सांगितलं म्हणून गहू बंद, शिवाय मावशीच्या ओळखीतल्या डॉक्टरांच्या गोळ्या. तीन-चार महिन्यांत मूल जरा सावरतं, आपल्याला हायसं वाटतं. पुढे खर्च झेपेनासा होतो, आणि यातलं काय बंद करावं हे कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून सांगते, एका वेळी एकच बदल करा आणि त्याआधी मोजा.

एबीए, म्हणजे उपयोजित वर्तन विश्लेषण, मोजण्यावरच उभं आहे. १९६८ मध्ये अमेरिकेत बेअर, वुल्फ आणि रिस्ली यांनी त्याचे निकष मांडले. वागणं उपचारामुळेच बदललं हे दाखवून द्या, हा त्यातला एक. त्यासाठी शंभर मुलं लागत नाहीत. आपल्याच मुलाचं आजचं वागणं त्याच्याच आधीच्या वागण्याशी ताडून पाहता येतं.

समजा, मूल जेवताना सारखं उठतं. आठवडाभर काहीही न बदलता, ते उठलं की फ्रिजवरच्या कागदावर एक रेघ ओढा. ही झाली बेसलाइन. मग थेरपिस्टने सुचवलेला उपाय सुरू करा, रेघा चालूच ठेवा. कमी झाल्या, तर थेरपिस्टशी बोलून काही दिवस उपाय थांबवा. रेघा वाढल्या आणि उपाय पुन्हा सुरू करताच उतरल्या, तर श्रेय उपायाचं.

मूल स्वतःला इजा करत असेल, तर मात्र लागू पडलेला उपाय थांबवून बघायचा नाही. शिकलेलं कौशल्यही पुसता येत नाही. तिथे उपाय आधी घरी, मग शाळेत, मग जुहू चौपाटीवर असा टप्प्याटप्प्याने सुरू करतात. जिथे सुरू केला तिथेच आणि तेव्हाच फरक दिसत गेला, तर तो योगायोग नव्हे.

वागण्यामागचं कारणही शोधावं लागतं. चौपाटीवरून निघताना वाळूत लोळण घेणाऱ्या एका मुलाला अजून खेळायचं असतं, दुसऱ्याला रिक्षाचा आवाज सोसत नाही. उपाय एकच कसा चालेल? १९८२ मध्ये ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी स्वतःला इजा करणाऱ्या नऊ जणांना वेगवेगळ्या परिस्थितींत पाहिलं. कुणी लक्ष वेधायला तसं करत होतं, कुणी काम टाळायला. ही तपासणी घरी करू नका, प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्या.

मुंबईत जुहूला एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या परिसरात विशेष शिक्षक घडवणारा विभाग आहे. या गोष्टी विचारण्यासारखी माणसं आपल्या आसपास आहेत. थेरपी सेंटरमध्ये पैसे भरण्याआधी बेसलाइन मागा, दर महिन्याला आलेख मागा. मोजायचं काय, हेही तुम्ही ठरवा. मूल आनंदात हात फडफडवतं? फडफडवू दे, त्यात कुणाचं काय बिघडतं!

आणि आलेख हललाच नाही, तर पद्धत बदला. मुलाला बोल लावू नका. नापास झाली ती पद्धत.