कापण्याआधी बघायला शीक

पोरी, बी.एस्सी.ला झूलॉजी घेतलंस, मनापासून आनंद झाला. आता तुला ऐकवणारे भेटतील, "बेडूक कापल्याशिवाय कसली झूलॉजी?" मनावर घेऊ नकोस. माझी सगळी नोकरी नागपुरात प्रॅक्टिकलच्या टेबलांपाशी गेली, म्हणून सांगते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये झूलॉजीच्या वर्गातलं विच्छेदन बंद केलं, ते योग्यच झालं. पिकावरचे किडे खाणारा हा जीव. त्याच्या तंगड्यांची निर्यात सरकारने १९८७ मध्येच थांबवली होती, आणि आपण मात्र वर्गावर्गांतून तो कापत होतो, तेही पुस्तकात छापलेलंच पुन्हा बघायला. बेडूक वाचला, चांगलं झालं. पण त्या टेबलावर नजरेला जी शिस्त लागायची, ती वाया जाता कामा नये. ती तुझ्याकडे सोपवते.

पहिली गोष्ट, उघडण्याआधी आत काय आहे ते सांगता आलं पाहिजे. बेडकाचं पोट उघडताना आम्ही कात्री कधी मधोमध चालवू द्यायचो नाही. मधल्या रेषेवर, स्नायूंच्या आतल्या अंगाला, एक मोठी शीर असते. ती तुटली की ट्रेमधलं पाणी लाल, आणि मग काहीच दिसत नाही. म्हणून चीर थोडी बाजूने द्यायची आणि कात्रीचं टोक वर उचलून धरायचं. ज्याला शीर आधी ठाऊक, त्याचाच हात नीट चालायचा. आता तुझ्यासमोर मॉडेल असेल, नाहीतर कॉम्प्युटरचा पडदा. तिथेही हेच कर. थर उलटण्याआधी बोट ठेव, खाली काय येणार ते मोठ्याने बोल, मगच उलट. चुकलीस तर तेवढंच पक्कं लक्षात राहील.

पडद्यावरच्या रंगांवर विसंबू नकोस. तिथे रोहिणी लाल, नीला निळी. ही फक्त खूण आहे. खऱ्या शरीरात निळी नळी नसते. वाहिनी ओळखायची ती कुठून निघाली, कुठे पोचली आणि तिची भिंत किती जाड आहे, यावरून. आणखी एक गोष्ट चित्रांतून बहुधा गाळलेली असते. आतडी पोटात मोकळी पडलेली नसतात. एका पातळ, पारदर्शक पडद्याने ती पाठीला बांधलेली असतात आणि त्याच पडद्यातून त्यांच्या रक्तवाहिन्या जातात. चित्रात तो नसला तरी तुझ्या डोक्यात असू दे.

हाताला सवय लागायला हवी ना? मग रविवारी मटण आणायला जाशील तेव्हा अख्खं दिल मागून घे, चीर न देता. नळाखाली धुऊन तळहातावर ठेव आणि अंगठ्याने दाब. एक बाजू दबते, दुसरी घट्ट लागते. घट्ट ती डावी. उजव्या बाजूला रक्त शेजारच्या फुप्फुसापर्यंतच ढकलायचं असतं, डावीला ते खुरांपर्यंत पोचवायचं असतं. मग डाव्या भिंतीला वरून खाली चीर दे. आत पांढरे, चिवट दोरे झडपेला धरून बसलेले दिसतील. वाऱ्यात छत्री उलटते तशी झडप उलटू नये, म्हणून ते दोरे. एकदा बोटाने ओढून बघ, मग पाठ करावं लागणार नाही.

पुढच्या खेपेला रोहू साफ करताना कल्ल्यांच्या खाली, गळ्याशी बघ. तिथे छोटं हृदय सापडेल, एक वरचा कप्पा, एक खालचा. बोकडाला वर दोन, खाली दोन. बेडूक या दोघांच्या मधला, वर दोन आणि खाली एकच. खाली रक्त मिसळतं, मग त्याचं चालतं कसं? तो ओल्या कातडीतूनही श्वास घेतो, त्यामुळे कातडीकडून परतणाऱ्या रक्तातही प्राणवायू असतो. हृदय आणि कातडी एकत्र वाचलीस तरच हे उलगडतं.

जिवंत बेडूक मात्र जरूर बघ. आषाढात अंबाझरीच्या, गोरेवाड्याच्या बाजूला, नाहीतर घरामागच्या डबक्याशी टॉर्च घेऊन बस. धरू नकोस. त्याला बरगड्या नाहीत, म्हणून छाती हलत नाही. गळा सारखा वरखाली होत असतो, त्यानेच तो हवा आत ढकलतो. किडा गिळताना त्याचे डोळे मिटून आत जातात. डोळ्यांखाली हाडाचा तळ नसतो, बुबुळं खाली येऊन घास पुढे रेटतात. मेलेल्या बेडकाने हे आम्हाला कधीच दाखवलं नाही.

जर्नलमध्ये चित्र काढताना पुस्तक मिटून ठेव. दिसलं तेवढंच काढ. पेन्सिलीला टोक हवं, रेघ एकच आणि स्वच्छ, शेडिंग नको, नावांच्या रेघा एकमेकींना छेदू देऊ नकोस. आपल्याच गावच्या विज्ञान संस्थेत प्रा. ए. गोपालकृष्ण यांनी वटवाघळांच्या गर्भविकासावर वर्षानुवर्षं काम केलं. मायक्रोस्कोपखाली काचपट्टीमागून काचपट्टी बघत जायची, असं ते काम. तिथे न पाहिलेली एक रेघसुद्धा चालत नाही.

आणि व्हायव्हाला नावांची यादी म्हणून दाखवू नकोस. यकृतावर बोट ठेवणं सगळ्यांना जमतं. आतड्यांकडून रक्त त्यात कसं येतं आणि तिथून हृदयाकडे कसं जातं, हे बोट न उचलता दाखवायची तयारी ठेव. ज्या दिवशी ते जमेल, त्या दिवशी बेडकावर कात्री न चालवताही तुला बेडूक आला असं समज.