शुक्रवारच्या इंजेक्शनआधी

सुमे, काल फोनवर तू विचारलंस, "ताई, यानं साखर वाढते म्हणे, मग घेऊच कशाला?" आणि नेमका तेव्हाच सिलिंडरवाला दारात आला. आता निवांत ऐक.

दोन वर्षं तुझी जोडवी रुतत होती, चपलेचा नंबर वाढत होता, अंग घामानं निथळत होतं. आपण सगळं मद्रासच्या उकाड्यावर ढकललं. इथं घाम कुणाला येत नाही? पस्तीस वर्षं लॅबमध्ये काढलेली मी, पण घरच्या माणसाकडे तशा नजरेनं बघितलंच नाही. शेवटी 75 ग्रॅम ग्लुकोजचं ते गोडमिट्ट पाणी पिऊनही तुझं ग्रोथ हार्मोन खाली येईना, तेव्हा पिट्युटरी ग्रंथीतल्या गाठीचा उलगडा झाला. नाकातून ऑपरेशन झालं, तरी गाठ थोडी उरलीच. म्हणून हे ऑक्ट्रिओटाइड.

या औषधाचं मूळ आपल्याच अंगात आहे. सोमॅटोस्टॅटिन. 1973 साली कॅलिफोर्नियात गिलेमिनच्या प्रयोगशाळेत मेंढ्यांच्या मेंदूतून ग्रोथ हार्मोन सोडायला लावणारा पदार्थ शोधत होते, आणि हाती लागला तो अडवणारा! पण तो रक्तात दोन-चार मिनिटंच टिकतो. म्हणून त्याची टिकाऊ नक्कल केली, आणि आता महिन्यातून एकदा टोचलं की भागतं.

अडचण एवढीच, की हा रखवालदार एकाच दारावर बसत नाही. स्वादुपिंडातलं इन्शुलिन अडवतो, साखर वाढवणारं ग्लुकॅगॉनही अडवतो. आता तुझं बघ. जास्तीच्या ग्रोथ हार्मोनमुळे शरीर इन्शुलिनला दाद देत नव्हतं, म्हणून साखर आधीच वर होती. ते उतरलं की साखर सुधारायला हवी. पण इन्शुलिनही घटलं तर ती चढणार. कुठलं पारडं जड होईल, हे आधी कुणी छातीठोक सांगू शकत नाही. म्हणून सुरुवातीचे तीन महिने साखर मोजत राहा, आकडे वहीत लिही. चढली तर डॉक्टरांना दाखव. त्यावर उपाय आहेत. इंजेक्शन मनानं बंद करायचं नाही, कळलं?

पोट पहिले काही दिवस बिघडेल. पचनाचे रसही कमी सुटतात, त्यामुळे तुपानं निथळणारं वेण पोंगल जरा लांबच ठेव. कॉफीवाल्याला "सक्करै कम्मी" सांगायला लाजू नकोस. आणि निर्जळी एकादशी सोड. पित्ताशय आळसावतं, खडे धरतात. त्यात उपाशी राहून भर नको. उजव्या बरगडीखाली कळ आली तर सोनोग्राफी लगेच.

औषध फ्रीजमध्ये ठेवायचं, फ्रीझरमध्ये नाही. तुझ्याकडची वीज जाते, तर माझ्याकडेच राहू दे. शुक्रवारी बर्फाच्या डब्यातून घेऊन येते. टोचण्याआधी अर्धा-पाऊण तास बाहेर काढून ठेवायचं, आणि कालवलं की लगेच द्यायचं. सुई जाडच असते, खोटं कशाला बोलू? या वेळी उजव्या कुल्ल्यावर, पुढच्या वेळी डाव्या.

हाडं वाढली ती काही मागे जायची नाहीत. बोटांची सूज मात्र उतरते. जोडवी माझ्याच डब्यात आहेत. बसली तर ठीक, नाहीतर मैलापूरला जाऊन नवी घेऊ.