जुन्या माठाचे सिंचन

पांझरेच्या खोऱ्याला पाणी जपून वाटण्याची शिकवण नवी नाही. बंधाऱ्याचे पाणी पाटांनी शेतकऱ्यांत वाटून घेणारी फड पद्धत येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. पिंपळनेरच्या परसबागेतही तशीच काटकसर साधता येते. त्यासाठी अडगळीत पडलेला मातीचा माठ पुरेसा आहे.

हा माठ रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरावा, पाण्याने भरावा व तोंड झाकणीने नीट झाकावे. म्हणजे बाष्पीभवन घटते आणि डासांची पैदास होत नाही. भोवतालची माती कोरडी झाली की ती माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी ओढून घेते; ओल पुरेशी झाली की पाझर मंदावतो. भोक पाडलेल्या प्लास्टिकच्या बाटलीला हे भान नसते. माती ओली असली तरी ती ठिबकतच राहते. ही युक्ती फार जुनी आहे: इसवी सनपूर्व पहिल्या शतकातील एका चिनी कृषिग्रंथात पुरलेल्या मडक्यांचे वर्णन आढळते.

मात्र प्रत्येक जुना माठ उपयोगी पडत नाही. रंगवलेला माठ पाझरत नाही. क्षारांनी छिद्रे बुजलेलाही नाही. म्हणून माठ काथ्याने घासून रात्रभर भरून ठेवावा. सकाळी बाहेरून ओलसर लागला, तरच तो पुरावा. ही परीक्षा टाळली, तर वैशाखात भरल्या माठाशेजारीच रोप वाळून जाईल.